यांच्याऐवजी

"मो इक्काई," मियाशिता म्हणाले.

हा सहावा टेक. मो इक्काई म्हणजे पुन्हा एकदा, हे आता मी सांगायची गरज उरली नव्हती. लॉजच्या दारात शूटिंग बघायला जमलेले मिरजकरसुद्धा ते शिकले होते. मागून कुणीतरी हळूच "मो इक्काई" म्हणालं आणि दोघंतिघं हसले. काउंटरमागे उभ्या असलेल्या बापूंनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली, हातातली किल्ली खुंटीला अडकवली आणि माझ्याकडे बघितलं.

"काय म्हणतायत?"

आमचे जपानी दिग्दर्शक मियाशिता अजून बोलतच होते. आवाज चढवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. खाली बघून, पेन्सिलीनं मांडीवर टकटक करत ते म्हणाले, "त्यांना सांगा, मला त्या अमेरिकन नटाचं प्रेत नकोय. तो मला कॅसेटमध्ये रोज दिसतो. टोपी तीच, हात तोच, मानसुद्धा तेवढीच वाकडी. ही नक्कल आहे, आणि नक्कल बघायला मी एवढ्या लांब आलो नाही."

मी बापूंकडे वळले. "जरा हळुवार करा म्हणतायत."

"हळुवार," बापूंनी मान डोलावली. "करू की. त्यात काय."

खोटं कशाला सांगू, तेव्हा मला माझं कौतुकच वाटलं होतं. पंच्याहत्तरीला आलेल्या माणसाला पाच-पन्नास लोकांसमोर 'प्रेत' आणि 'नक्कल' असले शब्द ऐकवायचे नाहीत, एवढी अक्कल मला आहे, असं वाटलं होतं. सव्वीस वर्षांची होते. पुण्यात जपानी शिकले होते आणि तोवर फक्त कारखान्यांत दुभाष्याचं काम केलं होतं. तिथे बोल्ट सैल म्हणजे सैल, त्यात कुणाला वाईट वाटायचं काही कारण नसतं. सिनेमाचं हे माझं पहिलंच काम. साल त्र्याण्णव, फेब्रुवारी.

सिनेमा मुळात अमेरिकन. एक तिरसट म्हातारा, त्याच्याशी वर्षानुवर्षं न बोलणारी मुलगी, आणि दोघांच्या मधे मेलेल्या आईच्या अस्थी. त्या एका ठिकाणी पोचवायच्या म्हणून दोघं मोटारीनं निघतात, वाटेत भांडतात, चुकतात, आपल्याला हसवतात. मग एका आडगावच्या मोटेलचा मालक आईचा फोटो ओळखतो, आणि तिथून पुढे आपण रुमाल शोधायला लागतो. टोकियोच्या एका कंपनीनं त्याचे हक्क घेऊन तो जपानीत करायला घेतला होता. अमेरिकेचं वाळवंट गेलं, हिंदुस्थान आला. आई तरुणपणी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती असं ठरवलं आणि मोटेलचं झालं स्टेशन रोडवरचं लॉज. मालक हवा होता इथलाच, म्हातारा, थोडंफार इंग्रजी बोलणारा. मियाशितांनी मला विचारलं, आणि माझ्या तोंडून पहिलं नाव निघालं ते यशवंत तांबवेकरांचं. आमच्या सांगलीच्या गल्लीतले बापू.

बापू नट होते आणि पन्नास वर्षं नट होते. पण बापूंचं नाव जाहिरातीत कधी छापून आलं नाही, कारण ते बदली नट होते. मोठा नट आजारी पडला, त्याच्या घरी कार्य निघालं, त्याचा नाटक कंपनीच्या मालकाशी खटका उडाला की बापूंना तार जायची. बापू रात्रीच्या गाडीनं निघायचे आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाची भूमिका उभी करायचे. तीही कशी, तर त्या नटाची ढब, त्याची थांबायची जागा, त्याचा उपरणं झटकायचा हात, सगळं जसंच्या तसं. लोकांना तेच हवं असायचं. स्वतःचं काही घातलं तर पिटातून शिट्ट्या यायच्या. थिएटरच्या दारात खडूनं लिहिलेला एक फळा लावायचे: 'आजच्या प्रयोगात अमुक यांच्याऐवजी श्री. तांबवेकर.' तो फळा वाचून काही लोक तिकिटं परत करायचे. ते बापूंना रंगपटाच्या खिडकीतून दिसायचं. हे त्यांनीच मला लहानपणी हसत हसत सांगितलं होतं.

जपान्यांनी कामाचा कागद दिला तेव्हा बापूंनी त्यावर बोट ठेवून मला विचारलं होतं, "हे इथं माझं नाव आहे ना? आणि त्याच्या आधी कुणाचं नाही ना?"

"नाही, बापू. ही भूमिका पहिल्यापासून तुमचीच."

ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले होते.

आणि मी काय केलं? हौसेनं मूळ अमेरिकन सिनेमाची कॅसेट त्यांना नेऊन दिली. "बघून ठेवा," म्हटलं. बापूंनी शेजारच्यांच्या व्हीसीआरवर ती तेवीस वेळा बघितली. वहीत एकेक हालचाल टिपून घेतली. 'पेटी बघतो. मनात एक-दोन-तीन मोज. टोपी काढून छातीशी. वर बघतो. किल्ली काउंटरवर दोन टक. मुलीच्या तळहातावर.' टोपीसुद्धा त्यांनी मिरजेच्या बाजारातून तसलीच शोधून आणली होती.

सातव्या टेकच्या आधी मियाशितांनी टोपी काढून घ्यायला लावली. नात्सुको, म्हणजे मुलीचं काम करणारी नटी, तिनं पुन्हा एकदा पांढऱ्या कापडात गुंडाळलेली अस्थींची पेटी काउंटरवर ठेवली. तिच्या मागे बापाचं काम करणारे ओगावा तोंड फिरवून उभे. बापूंनी पेटीकडे बघितलं. तीन मोज झाले आणि त्यांचा उजवा हात आपोआप डोक्याकडे गेला. तिथे टोपी नव्हती. हात तसाच खाली येऊन छातीवर टेकला.

दारात कुणीतरी फिसकन हसलं.

"मो इक्काई."

आठवा. नववा. प्रत्येक वेळी मियाशिता आणखी हळू आवाजात आणखी लांब बोलायचे आणि प्रत्येक वेळी मी ते चार शब्दांत आणून ठेवायची. "थोडं आतून," म्हणायची. "हात कमी." "छान चाललंय, पण अजून साधं." बापू प्रत्येक वेळी नीट ऐकून घ्यायचे आणि आपल्या वहीतलं अजून घासूनपुसून, अजून हुबेहूब करून दाखवायचे. मला ते दिसत होतं. पण सकाळपासून एवढं गाळल्यावर आता एकदम खरं कुठून सांगायला लागायचं ते कळेना.

साडेतीनला तेरादा माझ्याकडे आला. मियाशितांचा सहायक. शूटिंगचा वेळ आणि फिल्म या दोन गोष्टी त्याच्या हातात होत्या आणि दोन्ही संपत आल्या होत्या. फिल्मचे नवे डबे मुंबईच्या विमानतळावर अडकले होते. साडेचारला काउंटरवरचं ऊन जाणार होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे आख्खा लवाजमा पुण्याला, तिथून मुंबई, तिथून टोकियो.

"मराठे-सान," तो म्हणाला, "एक डबा उरलाय. चार मिनिटं. म्हणजे एकच टेक. कांतोकुंनी ठरवलंय." दिग्दर्शकाला ते सगळे कांतोकु म्हणत. "हा टेक या लॉजच्या मॅनेजरला उभं करून घ्यायचा. संवाद काढून टाकू. त्यांनी नुसती किल्ली द्यायची. तांबवेकर-सानना तुम्ही समजावून सांगा. कृपा करून नीट सांगा."

त्यानं कमरेत वाकून नमस्कार केला. त्याच्या मागे लॉजचे खरे मॅनेजर, पै, आपला सदरा खोचत उभे होते. सकाळपासून ते बिचारे कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. काउंटरमागच्या फळीवरचा त्यांचा जेवणाचा डबा शूटिंगमुळे तसाच राहिला होता.

बदली नटाच्या जागी बदली. पन्नास वर्षांनी एक भूमिका पहिल्यापासून त्यांची म्हणून आली आणि तिच्यावरही फळा लागणार, आणि तो लावायला पाठवलं मला.

बापू मागच्या दारी, धुण्याच्या दगडावर बसले होते. वही उघडी होती.

"उजू, ये. एक सांग मला. दोन टकांच्या मधलं अंतर जास्त होतंय का? तो अमेरिकन लगेच दुसरी टक देतो. मी जरा रेंगाळतोय असं वाटतंय."

मी त्या वहीकडे बघत उभीच राहिले.

बापूंनी वही मिटली. "बस खाली."

मी बसले.

"पन्नास वर्षं मी विंगेतल्या प्रॉम्प्टरच्या तोंडाकडे बघून काम केलंय. प्रॉम्प्टरनं वाक्य गाळलं की नटाला सगळ्यात आधी कळतं. हा तुझा जपानी सकाळपासून मिनिट-मिनिट बोलतोय आणि तू मला चार शब्द देतीस. बाकीचं कुठं जातंय?"

"बापू..."

"काय म्हणतोय तो?"

"ते जरा कडक बोलतात. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी..."

"मला वाईट वाटायचं का नाही, ते मी बघतो. तू शब्द सांग."

मी सांगितलं. प्रेत सांगितलं, नक्कल सांगितलं, टोपीबद्दल जे म्हणाले ते सांगितलं. आता पैंना उभं करणार आहेत तेही सांगितलं. सांगताना मला रडू येत होतं. बापूंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे त्यानं पहिल्यांदा कधी सांगितलं?"

"दुसऱ्या टेकला."

"दुसऱ्या टेकला," ते म्हणाले. "आणि मी नऊ टेक तेच गिरवत बसलो." मग ते माझ्यावर तडकले. आवाज न वाढवता, पण असे की मी आजही तो दगड आणि ती मोरी विसरले नाही. "तू माझी लाज राखायला गेलीस होय गं? नटाला कसली लाज? कोल्हापूरला एका मालकानं भर तालमीत माझ्या अंगावर चहा फेकलाय. दुसऱ्या दिवशी काम चोख झालं. शिव्या खाऊन काम सुधारतं बाई. तुझं हे 'हळुवार करा, साधं करा' ऐकून काय सुधारायचं? माझं काम खाल्लंस तू सकाळपासून."

मी डोळे पुसले.

ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, कष्टानं. "चल. मला त्याच्याशी बोलायचंय. आणि आता मधे एक शब्द गाळलास तर बघ. माझाही नाही आणि त्याचाही नाही."

मियाशिता कॅमेऱ्याशेजारी पैंना किल्ली कशी धरायची ते दाखवत होते. बापू सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. तेरादा घड्याळाकडे बघत पुढे आला, मियाशितांनी त्याला हातानं थांबवलं.

"त्यांना सांग," बापू म्हणाले, "तुमचा आख्खा सिनेमा दुसऱ्याचा. गोष्ट त्यांची, माणसं त्यांची, कॅमेरा कुठं लावायचा तेसुद्धा तुम्ही कॅसेट बघून ठरवता, मी बघितलंय. मग मी एकट्यानंच तेवढं स्वतःचं का आणायचं?"

मी भाषांतर केलं. सगळं केलं. 'आख्खा सिनेमा दुसऱ्याचा' हेसुद्धा. तेरादाचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्यात दिग्दर्शकाशी असं कुणी बोलत नाही. ध्वनिवाल्यानं कानावरचे हेडफोन काढले.

मियाशितांनी बापूंकडे बघितलं आणि मग हातातल्या पेन्सिलीकडे.

"खरं आहे," ते म्हणाले. "कंपनीला जसाच्या तसा हवाय. एकूणएक प्रसंग मी तसाच घेतोय. फक्त हा एक प्रसंग मला मूळ सिनेमात कधीच पटला नाही. माझी आई गेली तेव्हा माझ्यासमोर कुणी टोपी काढून आकाशाकडे बघितलं नव्हतं. म्हणून तर तुम्हाला दुसऱ्या टेकला विचारलं. तुमच्याकडून उत्तर आलं नाही. मला वाटलं, तुमच्याजवळ उत्तर नसेल."

मी बापूंना 'दुसऱ्या टेकला विचारलं' इथपर्यंत सांगितलं आणि थांबले. मला एकदम आठवलं. दुसऱ्या टेकनंतर मियाशिता खूप बोलले होते आणि शेवटी बापूंकडे बघून त्यांनी काहीतरी विचारलं होतं. एवढ्या टोचून बोलण्यानंतर तो प्रश्न कसा सांगायचा, म्हणून मी शिव्यांबरोबर तोही गाळून टाकला होता. "जरा सावकाश," एवढंच म्हटलं होतं.

"काय विचारलं होतं त्यानं?" बापू म्हणाले. त्यांना माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं असावं.

"बापू, त्यांनी विचारलं होतं..." मी पुन्हा सुरुवात केली. "त्यांनी विचारलं होतं, इथल्या माणसाला असं कळलं तर तो काय करेल? तुम्ही काय कराल?"

बापूंनी डोळे मिटले आणि उघडले. मग मी मियाशितांकडे वळून जपानीत सांगितलं की प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता, मी पोचू दिला नव्हता, चूक माझी आहे. मी कमरेत वाकले आणि वाकलेलीच राहिले. वर बघायचं धैर्य नव्हतं. ते मला तिथल्या तिथे हाकलून देतील असं वाटलं आणि दिलं असतं तर योग्यच झालं असतं.

"चार वाजून पाच," तेरादा म्हणाला.

"आता विचारतो," मियाशिता बापूंना म्हणाले. "तुम्ही काय कराल?"

बापूंनी काउंटरकडे बघितलं, त्यावर पडलेल्या उन्हाकडे, मग पैंकडे. "सांगत नाही म्हणावं. करतो. एकच डबा आहे ना? लावा कॅमेऱ्यात."

तेरादा घाईघाईनं म्हणाला की संवाद कंपनीनं मंजूर केलेले आहेत, नात्सुको-सानना काही सांगितलेलं नाही, चुकलं तर हातात काहीच राहणार नाही. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मियाशितांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि पैंना मानेनं बाजूला व्हायला सांगितलं. पै पुन्हा आपल्या स्टुलावर जाऊन बसले.

फिल्म सुरू झाली की कॅमेरा बारीक घरघरतो. त्या लॉजमध्ये त्या घरघरीशिवाय दुसरा आवाज नव्हता. तेरादानं घड्याळाची कळ दाबली.

नात्सुकोनं फोटो दाखवला. बापूंनी चष्मा लावून बघितला आणि इंग्रजीत म्हणाले, फूमी सिस्टर. वर सहा नंबरच्या खोलीत राहायची. कशी आहे ती? इथपर्यंत सगळं ठरल्यासारखं. नात्सुकोनं पेटी काउंटरवर ठेवली.

एक मोज. दोन. तीन. बापूंचा उजवा हात हलला आणि वर निघाला. सवय कुठे जाते? हात खांद्यापर्यंत आला, थांबला, आणि वळून मागच्या खुंट्यांकडे गेला. त्यांनी सहा नंबरची किल्ली काढली. टक वाजवली नाही. नुसती पेटीशेजारी ठेवली.

आणि ते काउंटरच्या बाहेर यायला निघाले.

अमेरिकन मालक काउंटर कधी सोडत नाही. कॅमेरा तसाच लावला होता, दिवे तसेच होते. कॅमेरामननं डोळा न काढता दुसऱ्या हातानं मियाशितांना खूण केली. मियाशितांनी एक बोट उचललं: चालू ठेव. कॅमेरा बापूंच्या मागे हळूहळू वळला.

बापूंनी माठातून तांब्या भरून आणला आणि ओगावांच्या पुढे धरला. ओगावा मुरलेले नट, पण त्यांनाही क्षणभर काय करावं कळलं नाही. मग त्यांनी ओंजळ पुढे केली. बापूंनी त्यांच्या हातावर पाणी घातलं, नंतर नात्सुकोच्या. मग मराठीत विचारलं, अगदी घरात विचारतात तसं, "जेवलात का?"

बापूंनी बोटं जुळवून तोंडाकडे नेली. नात्सुकोनं नकळत नाही अशी मान हलवली.

"मग बसा," बापू म्हणाले. "माणूस गेल्यावर घरात चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी करायचं असतं."

ते काउंटरमागे गेले, फळीवरचा पैंचा डबा काढला, पुसला, उघडला. दहीभात होता आणि लिंबाचं लोणचं. बापूंनी दोन थाळ्यांत वाढला, अगदी बेतानं, दोघांना सारखा. ओगावांनी बूट काढले आणि खाली बसले. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. सिनेमातला तो तिरसट बाप या जागी मुलीवर खेकसतो. ओगावा खेकसले नाहीत. त्यांनी आपल्या थाळीतला एक घास उचलला, बोटांनी, त्यांना जमत नव्हतं, अर्धा सांडला, आणि तो मुलीच्या तोंडापुढे धरला.

नात्सुकोनं तो खाल्ला. मग ती रडायला लागली. मी तिला चार आठवडे ओळखत होते. ती सुंदर रडायची, कॅमेऱ्याकडे गाल करून रडायची. हे रडणं तसं नव्हतं. नाक गळत होतं, तोंडात भात होता आणि ती बापाकडे बघत काहीतरी म्हणत होती ते मलाही कळत नव्हतं. बापू शेजारी उकिडवे बसून होते, आणखी वाढायला हात तयार ठेवून. त्यांनी तिला 'रडू नको' म्हटलं नाही. थाळी थोडी तिच्या जवळ सरकवली, बस.

कॅमेऱ्यातली घरघर बदलली. शेपूट सुटल्यासारखी फटफट ऐकू आली. डबा संपला होता.

मी मियाशितांच्या तोंडाकडे बघत होते, ते दोन शब्द येतायत का म्हणून. ते उठले, बापूंच्या समोर जाऊन उभे राहिले आणि गुडघ्यांवर हात ठेवून खोल वाकले. त्यांच्या मागे तेरादा, ध्वनिवाला, दिवेवाला, एकेक करून सगळे वाकले. कोपऱ्यातून पै म्हणाले, "आणि मी काय खायचं आता?"

मी तेही भाषांतर केलं. एकही शब्द गाळला नाही.

परत सांगलीला जाताना गाडीत बापू माझ्याशी बोलले नाहीत. विश्रामबागेपाशी आल्यावर म्हणाले, "कॅसेट परत देऊन टाक त्यांची." एवढंच. मला माफ केलं की नाही ते विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि त्यांनी कधी सांगितलंही नाही. पण त्या दिवसापासून मी एकही शब्द गाळलेला नाही. लोकांना ते आवडतं असं नाही. दोन चांगली गिऱ्हाइकं त्यापायी तुटली आहेत.

सिनेमा तिकडे बरा चालला. इकडे कुणी बघितला नाही. दहा वर्षांनी तेरादाचं एक पाकीट आलं. तो आता स्वतः निर्माता झाला होता. आत एक डीव्हीडी आणि चिठ्ठी: 'अमेरिकेनं आता आमच्या सिनेमावरून आपला सिनेमा पुन्हा केला. कृपया तांबवेकर-सानना दाखवा.'

बापू तेव्हा पंच्याऐंशीचे होते, पुतणीकडे राहायचे. कानानं कमी ऐकायचे, नजर मात्र शाबूत होती. मी त्यांच्या खाटेसमोर टीव्हीवर डीव्हीडी लावली. पुन्हा वाळवंट, पुन्हा मोटार, पुन्हा मोटेल. मालकाचं काम एका लठ्ठ, पिकल्या मिशांच्या माणसानं केलं होतं. मुलीनं पेटी ठेवली. तो काउंटरच्या बाहेर आला. फळीवरचा आपला जेवणाचा डबा काढला, झाकण पुसलं, उघडला, आणि इंग्रजीत विचारलं, जेवलात का? मग तो त्यांच्याशेजारी उकिडवा बसायला गेला. पोटामुळे त्याला ते जड जात होतं, तरी बसला. हात तसाच, आणखी वाढायला तयार.

"परत लाव," बापू म्हणाले.

मी परत लावलं.

"थाळी सरकवली बघ. डाव्या हातानं. मी डाव्याच हातानं सरकवली होती." ते पुढे झुकले. "पाणी घालायचं राहिलं त्याचं. पण बाकी चोख उचललंय. किती वेळा बघितलं असेल गं यानं मला?"

"पुष्कळ वेळा, बापू."

"तेवीस तरी?"

"जास्तच."

ते मागे टेकले. भिंतीकडे बघत, खडूनं लिहिलेलं लांबून वाचावं तसं, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "आजच्या प्रयोगात श्री. यशवंत तांबवेकर यांच्याऐवजी..."

मग थांबले. माझ्याकडे वळले. "नाव काय त्याचं?"

मी डब्यामागचं बारीक अक्षर वाचून नाव सांगितलं. त्यांना नीट ऐकू आलं नाही, म्हणून कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं, पूर्ण, आडनावासकट.